फोटो पोचला, निगेटिव्ह कुठं आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

फोटो काढणं आणि फोटो पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही, आणि यायचं काही कारणही नाही. सकाळी चहाबरोबर अंक हातात पडतो. पहिल्या पानावर पुराचा, मोर्चाचा किंवा वारीचा फोटो असतो, खाली छायाचित्रकाराचं नाव असतं. तो तिथं होता, त्यानं बटण दाबलं, झालं! पण घटना घडली ते ठिकाण आणि छापखाना यांच्यामधलं अंतर त्या फोटोनं कसं तोडलं? कोणत्या वाटेनं? आणि तीच वाट का निवडली? या निवडीचा इतिहास मला आज सांगायचा आहे. कारण माझी अशी समजूत झाली आहे, की फोटो पाठवायची वाट नुसता वेग ठरवत नाही. त्या फोटोतलं पुढच्यांसाठी काय उरणार, हेही तीच ठरवते.

मी कविता लिहितो. पण चूल पेटत राहिली ती सोलापुरातल्या एका दैनिकातल्या उपसंपादकीवर. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळं जुनी कागदपत्रं जपायची खोड लागली, ती गेली नाही. कॅमेरा मी कधी हातात धरला नाही. मी फोटो काढणारा नव्हे, फोटोची वाट बघणारा. रात्री पान सोडायची वेळ झालेली असते, चार कॉलमांची जागा मोकळी पडलेली असते आणि खालून छपाईवाल्यांच्या हाका येत असतात. त्या वेळी जगातली सगळी तंत्रविद्या एका प्रश्नापाशी येऊन थांबते : आला का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. आमचा छायाचित्रकार मोटारसायकलवरून निघाला. त्याला सगळी कचेरी अण्णा म्हणायची, मीही म्हणतो. दुपारपर्यंत फोटो त्याच्यापाशी होते आणि आमच्यापाशी काहीच नव्हतं. तेव्हा फोटो म्हणजे डबीत बंद केलेलं फिल्मचं रीळ. ते धुतल्याशिवाय आत नेमकं काय उतरलंय, हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. अण्णा तिथंच थांबला आणि त्यानं रिळं सोलापूरकडं येणाऱ्या गाड्यांबरोबर पाठवली. एक परतणाऱ्या ट्रकमधून, एक एसटीतून.

एसटीची वाट तर आमची नेहमीचीच. तालुक्याच्या गावचा वार्ताहर पाकिटावर दैनिकाचं नाव लिहायचा, कंडक्टरच्या हातात द्यायचा, "मामा, तेवढं सोलापूरला उतरवा, आमचा माणूस येतो स्टँडवर" म्हणायचा. बस्स. कित्येक वर्षं अशी पाकिटं आली. गाडी पंक्चर झाली की बातमी पंक्चर. पण या वाटेचा एक गुण होता आणि तो तेव्हा कुणाला गुण वाटत नव्हता. जे पाकिटात घातलं, तेच पोचायचं. वाटेत ते लहान व्हायचं नाही. रीळ धुतलं, छाप काढला, निगेटिव्ह कापून पारदर्शक कागदात ठेवली, पाकिटावर तारीख टाकली. फोटो छापून दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा, निगेटिव्ह राहायची.

जगात मात्र तोवर तारेवरून चित्र पाठवायला शंभरावर वर्षं झाली होती. इटलीचे जिओव्हानी कासेली यांच्या यंत्रानं १८६५ साली पॅरिस आणि लियों या शहरांच्या दरम्यान हस्ताक्षरं आणि रेखाचित्रं तारेनं जाऊ लागली. रेघ जाते, पण फोटोतला करडा रंग कसा जाणार? तो प्रश्न जर्मनीच्या आर्थर कोर्न यांनी सेलेनियम या पदार्थाच्या मदतीनं सोडवला. सेलेनियमवर जितका उजेड जास्त, तितकी त्यातून वीज जास्त जाते. म्हणजे उजेडाचं विजेत रूपांतर झालं. कोर्ननी १९०४ मध्ये म्युनिक आणि न्यूरेम्बर्गदरम्यान तारेवरून फोटो पाठवून दाखवला, आणि १९०७ मध्ये बर्लिनहून पॅरिसला. त्याच वर्षी फ्रान्सच्या एदुआर बेलँ यांनी आपलं यंत्र पुढं आणलं, आणि १९१३ पर्यंत त्याची वाहून नेता येईल अशी आवृत्ती केली. घटनास्थळी न्यायचं, टेलिफोनच्या तारेला जोडायचं, फोटो पाठवायचा. फ्रेंच वर्तमानपत्रांत तारेनं आलेल्या फोटोला बरीच वर्षं ‘बेलिनो’च म्हणत.

हे यंत्र चालायचं कसं, हे मला पुस्तकं वाचून नीट उमगलं नव्हतं. उमगलं ते अण्णाकडून. अण्णा पद्मशाली, वडील मागावर चादरी विणायचे. तो म्हणाला, "शायरसाब, चादरीचं चित्र एकदम उमटतं का? धोटा इकडून तिकडं जातो, एक ओळ. तिकडून इकडं येतो, दुसरी ओळ. हजार ओळी झाल्या की मोर दिसतो." तसंच हे. फोटो एका गोल फिरणाऱ्या रुळावर गुंडाळायचा. त्याच्यावर उजेडाचा बारीक ठिपका पडतो. रूळ फिरतो, ठिपका हळूहळू सरकतो. जिथं फोटो पांढरा तिथं उजेड जास्त परततो, जिथं काळा तिथं कमी. त्याचा चढउतार तारेवरून सूर होऊन जातो. पलीकडं तसाच रूळ, त्यावर कोरा फोटोकागद; ओळीमागून ओळ विणली जाते. दोन्ही रूळ एका गतीनं फिरले पाहिजेत, नाहीतर माणसाचं नाक कानापाशी जातं.

सोलापूरकरांना जॅकार्ड सांगायला नको. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं मागावर चढतात आणि नक्षी ठरते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बार्टलेन’ नावाची पद्धत निघाली. तिच्यात फोटोची भोकं पाडलेली फीत व्हायची, आणि समुद्रातल्या तारेवरून लंडनचा फोटो न्यूयॉर्कला जायचा. बोटीनं आठवड्यावर लागायचा, तो तीन तासांच्या आत पोचू लागला. पण किंमत बघा : सगळ्या जगाच्या छटा पाचांत बसवायच्या. काळा, पांढरा आणि मधले तीन. म्हणजे वेग हवा तर चित्रातलं काही सोडा, हा सौदा मोबाईलबरोबर आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वीच ठरलेला आहे.

त्यानंतर अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं, म्हणजे एपीनं, १ जानेवारी १९३५ रोजी ‘वायरफोटो’ सेवा सुरू केली. पहिलाच फोटो ॲडिरोंडॅक डोंगरात पडलेल्या विमानाचा होता. फोटो टेलिफोनच्या तारांवरून एकाच वेळी अनेक शहरांच्या वर्तमानपत्रांत जाऊ लागला. पुढं हीच रुळाची यंत्रं बॅगेत मावू लागली. परगावी गेलेला छायाचित्रकार हॉटेलच्या न्हाणीघरात फिल्म धुवायचा, छाप काढायचा, फोनचा रिसीव्हर उघडून आतल्या तारांना चिमटे लावायचा. एका काळ्या-पांढऱ्या फोटोला आठ-दहा मिनिटं. रंगीत असेल तर निळा, लाल, पिवळा असे तीन वेगळे भाग पाठवायचे, म्हणजे तिप्पट वेळ, आणि तेवढ्यात लाइनवर कुणी खरखर केली की पहिल्यापासून. म्हणून लढाईच्या, दंगलीच्या कित्येक घटना जगानं काळ्या-पांढऱ्या बघितल्या. डोळ्यांसमोर रंग होते; तारेला ते परवडत नव्हते.

तार नसेल तिथं रेडिओ. २३ फेब्रुवारी १९४५ ला इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिकांनी झेंडा उभारतानाचा जो रोझेन्थल यांचा फोटो सर्वांना ठाऊक आहे. त्याची फिल्म विमानानं ग्वाम बेटावर गेली, तिथं धुतली गेली आणि तिथून रेडिओनं अमेरिकेत पोचली. फोटो काढल्यापासून सतरा-साडेसतरा तासांत. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, युद्ध चालू असताना! आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १९५३ च्या मे महिन्यात, एव्हरेस्ट सर झाल्याची खबर जेम्स मॉरिस या वार्ताहरानं सांकेतिक भाषेत लिहून हरकाऱ्याच्या हाती नामचे बाजारला धाडली. तिथल्या बिनतारी यंत्रावरून ती पुढं गेली आणि २ जूनला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आली. शिखरावरच्या तेनसिंगचा फोटो मात्र नंतर आला. शब्दाला एक बिनतारी यंत्र पुरलं, चित्राला वाट नव्हती. कवी म्हणून मला याचं थोडं बरं वाटतं, हे लपवत नाही.

आता एका फोटोपाशी जरा थांबू या. ८ जून १९७२, व्हिएतनाममधलं त्रांग बांग. अंगावर नापाम पडून भाजलेली, रडत रस्त्यानं धावत येणारी नऊ वर्षांची किम फुक. फिल्म सायगावच्या एपी कचेरीत धुतली गेली, आणि फोटो रेडिओनं टोकियोला आणि तिथून न्यूयॉर्कला गेला. एका फोटोला दहा-पंधरा मिनिटं लागायचा तो काळ. फोटो निक उट यांच्या नावानं गाजला, त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण २०२५ मध्ये एका माहितीपटामुळं वाद उभा राहिला, की बटण दाबणारा हात दुसऱ्याच कुणाचा होता का? ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या संस्थेनं त्या वर्षीच्या मे महिन्यात फोटोखालचं श्रेय स्थगित केलं; एपीनं तपास करून ते उट यांच्याकडंच ठेवलं. निकालात मी पडत नाही. मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की त्रेपन्न वर्षांनी तपासणाऱ्यांच्या हातात निगेटिव्ह होती. तिच्या चौकटीवरून फोटो लायका नव्हे तर बहुधा पेंटॅक्स कॅमेऱ्यानं काढला असावा, इथपर्यंत त्यांना बोलता आलं. रेडिओनं टोकियोला गेलेली ती खरखरीत प्रत एवढीच उरली असती, तर हा वाद नुसत्या आठवणींवर चालला असता.

इथवरच्या सगळ्या यंत्रांची एक रीत होती. तारेवरून जायची ती नक्कल. अस्सल मागं राहायचं.

मग डिजिटल कॅमेरा आला. कोडॅकनं १९९१ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी तो बाजारात आणला. निकॉनचा डी-१ १९९९ चा. आपल्याकडं विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, आणि त्याच्याच पंधरा दिवस आधी, ३१ जुलैला, ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला. दोन वाटा एकाच पावसाळ्यात उघडल्या. त्या एकमेकींना मिळायला मात्र सात-आठ वर्षं गेली.

आमच्या दैनिकानं पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तो २००३ मध्ये. कॅमेऱ्याइतकीच चर्चा झाली ती ‘आता फोटो पाठवायचा कशावरून’ याची. सुरुवातीला तालुक्याच्या गावातलं सायबर कॅफे हाच आधार. त्याच्यापुढं जीएसएम मोबाईलवरून पाठवायचे दोन रस्ते होते, आणि कुठला घ्यायचा यावर संपादक, हिशेबनीस आणि अण्णा यांच्यात महिनाभर खल चालला. पहिला रस्ता म्हणजे मोबाईलवरून साधा कॉल लावून त्यावर माहिती पाठवायची. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट आणि बिल मिनिटावर. दुसरा रस्ता जीपीआरएस. यात लाइन जोडून ठेवायची नाही. माहितीचे तुकडे जागा मिळेल तसे जातात, आणि बिल वेळेवर नाही, वजनावर. किती किलोबाइट गेले त्याचे पैसे. हिशेबनिसांना वजनाचा भाव पटला. किराणा दुकानासारखा असतो म्हणाले.

पण खरी गोम वेगळीच होती आणि ती जाहिरातीत नसायची. जीएसएमच्या प्रत्येक लहरीवर वेळेची आठ घरं असतात. त्यातलं एक घर एका बोलणाऱ्याला. त्या वेळचे बरेचसे जीपीआरएस फोन उतरत्या माहितीला चार घरं घ्यायचे आणि चढत्या माहितीला दोनच. कारण कंपन्यांनी गृहीत धरलेलं की लोक इंटरनेटवरून काहीतरी घेणार. देणार कुणी असेल हे त्यांच्या मनात नव्हतं. छायाचित्रकार हा देणारा. चांगली रेंज असताना दोन घरांचा वेग सेकंदाला जेमतेम २७ किलोबिट. सव्वा मेगाबाइटचा फोटो कागदावरच्या हिशेबानं सहा मिनिटांचा. प्रत्यक्षात दुप्पट धरा, आणि नव्वद टक्क्यांवर येऊन तुटला तर नशीब. २००३ नंतर सीडीएमए तंत्राचे फोन गावोगाव पोचले, केबल लावून लॅपटॉपला जोडता येऊ लागले. त्यांचा कागदावरचा वेग १४४ किलोबिट. अण्णानं दोन्ही बाळगले. कुठल्या गावात कुठल्या कंपनीचा टॉवर आहे हे त्याच्या डायरीत असायचं, जसं पूर्वी कुठली एसटी किती वाजता सुटते ते असायचं.

या सगळ्याची परीक्षा आषाढीला व्हायची. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण होतं, लाखो माणसं एका माळावर, आणि फोटो उद्याच्या अंकात हवाच. त्या माळावर लोक मोबाईलवर बोलतात, "मी रथाच्या उजव्या अंगाला आहे, तू कुठंय?" जीएसएममध्ये बोलण्याला आधी जागा मिळते, उरलेल्या घरांत माहिती. सगळी घरं बोलण्यानंच भरली की फोटो उंबऱ्यावर. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि एक किलोबाइट हलत नाही! अण्णा मग मोटारसायकल काढायचा आणि गर्दीच्या उलट्या दिशेनं आठ-दहा किलोमीटर जाऊन एखाद्या पेट्रोल पंपापाशी दुसरा टॉवर गाठायचा. वेगवान जाळं सोडून रिकामं जाळं निवडायचं, हे त्याचं सूत्र. मला ते अजूनही कुठल्याही कंपनीच्या नकाशापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

दुसरी युक्ती फोटो कापायची. आमच्या अंकातला चार कॉलमी फोटो सोळा सेंटिमीटर रुंद. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला दोनशे ठिपके पुष्कळ झाले. म्हणजे रुंदीला साडेबाराशे ठिपके पुरतात. दोन कॉलमीला त्याच्या निम्मे. मग कॅमेऱ्यातला अख्खा फोटो कशाला पाठवा? लॅपटॉपवर लहान करायचा, दाबायचा, दीडशे किलोबाइटवर आणायचा. मिनिटभरात फोटो कचेरीत. पानावर कुणालाही फरक दिसायचा नाही. हा निर्णय रास्त होता. वेळेवर अंक काढणं हे आमचं काम होतं, आणि दीडशे किलोबाइटच्या त्या फोटोंनी ते वर्षानुवर्षं निभावलं.

पुढचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. लॅपटॉपला खोचायची डाटा कार्डं आली. २००८ च्या डिसेंबरात दिल्लीत ‘थ्री-जी’ सुरू झालं, २०१२ मध्ये कोलकात्यात ‘फोर-जी’, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि भावाचा प्रश्नच जवळजवळ मिटला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘फाइव्ह-जी’. आज अण्णाचा पुतण्या कॅमेऱ्यातून फोनवर आणि फोनवरून कचेरीत फोटो धाडतो, माझा चहा निवत नाही तोवर.

मात्र या मोबाईलच्या वाटेला एक खोट कायम आहे. जिथं फोटोची सगळ्यात जास्त गरज, तिथं ती सगळ्यात आधी बुजते. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा मोबाईल मुके झाले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये हातात रायफल घेतलेल्या कसाबचा जो फोटो सगळ्या जगानं पाहिला, तो ‘मुंबई मिरर’च्या सेबॅस्टियन डिसोझा यांचा. त्यांची कचेरी स्टेशनसमोरच्या इमारतीत. रस्ता ओलांडून गेले, रस्ता ओलांडून आले. त्या रात्रीची सगळ्यात खात्रीची वाट पायवाट होती.

टॉवर नसेल तिथं उपग्रह, असं सांगतात. २००५ पासून लॅपटॉपएवढी उपग्रह यंत्रं मिळू लागली, युद्धभूमीवरचे छायाचित्रकार ती वापरतात. आपल्याकडं परवान्याशिवाय ती बाळगता येत नाहीत. आणि आकाशाशी बोलणारं यंत्र आपण कुठं आहोत हेही आकाशाला सांगतं. सीरियातल्या होम्स शहरात २२ फेब्रुवारी २०१२ रोजी पत्रकार मारी कोल्विन आणि छायाचित्रकार रेमी ओश्लिक तोफगोळ्यांनी मारले गेले. अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये त्याची जबाबदारी सीरियाच्या सरकारवर ठेवली. त्या प्रकरणात खबऱ्यांबरोबरच पकडलेल्या सिग्नलांचाही विषय होता. फोटो कुठल्या वाटेनं पाठवायचा, हा प्रश्न तिथं जिवाचा झाला.

आणि कधी वाट पडत नाही, बंद केली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं. वेगवान मोबाईल इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या काळात दार यासीन, मुख्तार खान आणि चन्नी आनंद हे एपीचे छायाचित्रकार काम करत राहिले. कधी अनोळखी घरांत आसरा घेतला, कधी कॅमेरा भाजीच्या पिशवीत लपवला. आणि फोटो? ते श्रीनगरच्या विमानतळावर गेले आणि दिल्लीला निघालेल्या प्रवाशांना विनवलं, की एवढं घेऊन जाल का? त्या छायाचित्रांना २०२० चं पुलित्झर मिळालं. मला ती बातमी वाचताना आमचा एसटी स्टँड दिसला. ‘मामा, तेवढं उतरवा.’

आता त्या दीडशे किलोबाइटकडं परत येतो. त्या वर्षांत कॅमेऱ्याचं कार्ड महाग होतं. कचेरीत मोजून दोन. रोज रात्री कार्ड रिकामं करायचं, सकाळी पुन्हा भरायचं, हा सगळीकडचाच शिरस्ता. पाठवलेली लहान प्रत कचेरीच्या संगणकात राहायची, तिची वर्षाअखेर सीडी व्हायची. म्हणजे पहिल्यांदाच असं झालं, की नक्कल उरली आणि अस्सल गेलं. सायगावच्या कचेरीत घडलं त्याच्या बरोब्बर उलट. किल्लारीच्या निगेटिव्ह अण्णाच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. २००४ ते २०१० च्या आमच्या जिल्ह्याचं आयुष्य मात्र बोटभर रुंदीच्या प्रतींत आहे. तेव्हाच्या वाऱ्या, दुष्काळातल्या छावण्या, निवडणुका, बंद पडत गेलेले माग, सगळं. आजही ही गोष्ट टळलेली नाही. फोटो व्हॉट्सॲपवरून येतात, तिथं ते आपोआप दाबले जातात आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ही आतली नोंद पुसली जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर अख्खा येतो. पण घाईत तेवढं बोट फिरवतो कोण?

२०१६ मध्ये माढ्याकडची एक बाई कचेरीत आली. चाळिशीची असेल. पदराखालून कात्रण काढलं, पिवळं पडलेलं, २००६ च्या रिंगणाचा आमचाच फोटो. "भाऊ, ह्ये आमचं तात्या," तिनं गर्दीतल्या एका वीणेकऱ्यावर बोट ठेवलं. "औंदा वर्षश्राद्ध हाय. घरात त्यांचा दुसरा फोटोच न्हाई. मोठा करून मिळंल का?"

मी सीडी काढली. फोटो सापडला. रुंदी हजार ठिपके, तात्यांचा चेहरा त्यातला चाळीसेक ठिपक्यांचा. मोठा करत गेलो तसे डोळ्यांच्या जागी चौकोन दिसायला लागले. फोटो दाबण्याची जी सर्वमान्य रीत आहे, ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडते. ते चौकोन म्हणजे तेच. चादरीची वीण डोळ्यांजवळ धरल्यासारखं. बाई बघत राहिली. "ह्यात न्हाई दिसत त्ये," म्हणाली.

अण्णानं तिच्या दिंडीचा नंबर विचारला, गाव विचारलं, आणि तिला घरी घेऊन गेला. मीही गेलो. ट्रंकेतून १९९४, १९९५, १९९६ ची पाकिटं निघाली. त्यानं खिडकीशी उजेडात एकेक पट्टी धरली. अर्धा-पाऊण तास गेला. वहिनींनी चहा केला, बाईनं तो बशीत ओतून थंड होऊ दिला. १९९६ च्या पट्टीत तीच दिंडी होती, रस्त्याच्या कडेला थांबलेली, आणि चौकटीच्या अगदी टोकाला वीणा घेतलेला माणूस, काळ्या दाढीचा. अण्णानं निगेटिव्ह स्कॅन करून पडद्यावर मोठी केली. गळ्यातल्या माळेचे मणी मोजता आले असते.

बाई पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तात्यांची दाढी काळी मी बघितलीच न्हवती वो. ध्यानातच न्हाई." तिनं तोच फोटो नेला. निघताना दारात थांबून विचारलं, "ह्यो कवाचा म्हणायचा?" अण्णानं पाकीट चष्म्याजवळ धरून वरची तारीख वाचून दाखवली, आणि तिनं ती आपल्या मुलाला फोन करून लिहून घ्यायला लावली.